खाली दुकान, वर बिऱ्हाड, मधे चौक

वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी काही लिहावे असे कार्यकारिणीने मला सुचविले. माझा विषय इमारतींचा, आणि वास्तुकलेची पदवी घेऊन मला अवघी चार वर्षे झालेली. म्हणजे या व्यवसायात मी अजून शिकाऊच. तरीही गेल्या वर्षभरात आपल्यापैकी कितीतरी भगिनींनी मला जिन्यात, बाजारात, हळदीकुंकवाच्या गर्दीत एकच प्रश्न विचारला आहे : "इमारत पाडून नवी बांधणार म्हणतात, तर मग तीत आपले मंडळ कोठे?" या प्रश्नाचे उत्तर नकाशावर नुसते बोट ठेवून देता येण्याजोगे नाही. आपल्या गिरगावातल्यासारख्या इमारती मुळात कशा घडल्या आणि त्यांत बायकांची जागा कोठे होती, हे पाहिल्यावाचून नव्या इमारतीत ती मागावयाची कशी हे कळणार नाही. म्हणून हा थोडासा इतिहास.

एकाच इमारतीत दुकान, बिऱ्हाड, कचेरी आणि सभेची जागा असली की तिला आमच्या व्यवसायात आज 'मिश्र वापराची इमारत' म्हणतात. नाव नवे असले तरी वस्तू आपल्या ओळखीची आहे. पुण्याच्या पेठांतला वाडा घ्या. रस्त्याकडे ओटा, त्याच्यामागे दिंडी दरवाजा. पहिल्या चौकाभोवती सोपा, तेथे कारकून, हिशेब, येणारेजाणारे. आतल्या चौकाभोवती माजघर, स्वयंपाकघर, पाण्याची जागा, तुळस. १८१८ मध्ये पेशवाई संपली आणि पुढे पुष्कळशा वाड्यांतून बिऱ्हाडे आली, दर्शनी भागात दुकाने निघाली. पेशव्यांच्या विश्रामबाग वाड्यात १८२१ मध्ये संस्कृत पाठशाळा सुरू झाली. राहते घर, व्यापार आणि विद्या एका छपराखाली नांदू लागली ती कोणी तसा नकाशा काढला म्हणून नव्हे. मधे चौक होता आणि चौकाला ठराविक असे एकच काम नव्हते, म्हणून ते जमले.

मात्र चौक सर्वांचा होता असे म्हणून वाड्याचे नुसते गोडवे गाणे बरे नव्हे. चौकात कोणी यावे, पाण्याला कोणी हात लावावा, हे जातीने ठरलेले होते. जोतीराव फुले यांनी १८६८ मध्ये आपल्या घराचा हौद अस्पृश्य मानलेल्या लोकांना खुला केला, तेव्हा त्यांनी नवी वास्तू बांधली नाही. असलेल्या वास्तूचा नियम मोडला. त्याच्या आधी वीस वर्षे, १८४८ मध्ये, जोतीराव आणि सावित्रीबाई यांनी बुधवार पेठेतील तात्यासाहेब भिडे यांच्या वाड्यात मुलींची शाळा सुरू केली. आपल्या शिक्षणाचा आरंभ झाला तो असा, शाळेसाठी म्हणून बांधलेल्या इमारतीत नव्हे, तर एका राहत्या वाड्याने देऊ केलेल्या जागेत. तो वाडा पुढे जीर्ण झाला, खाली दुकाने राहिली. स्मारकासाठी जागा मोकळी करावयाची म्हणून न्यायालयीन निर्णयानंतर डिसेंबर २०२३ मध्ये तो उतरविण्यात आला. सांगण्याचा मुद्दा इतकाच की सामाजिक कार्याला प्रथम जागा मिळते ती बहुधा कोणाच्या तरी घराच्या कडेला, उसनी. नंतर त्या जागेवर हक्क लिहून ठेवला नाही तर ती जाते.

आता मुंबईकडे वळू. कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये कापड गिरणीची कंपनी काढली आणि १८५६ मध्ये गिरणी चालू झाली. त्यानंतरच्या अर्धशतकात कोकणातून, घाटावरून माणसांचे लोंढे आले. त्यांच्यासाठी जी इमारत तयार झाली ती चाळ. एका ओळीत खोल्या, त्यांच्यासमोरून तीन-चार फूट रुंद गॅलरी, टोकाला जिना, नळ आणि संडास सामाईक. घरमालकाच्या हिशेबी गॅलरी म्हणजे केवळ खोलीकडे जाण्याची वाट. राहणाऱ्यांच्या हिशेबी मात्र ती वाळवणाची जागा, पाळण्याची जागा, उन्हाळ्यात पथारी टाकण्याची जागा, आणि दुपारी तांदूळ निवडता निवडता सगळ्या मजल्याच्या सुखदुःखाची चौकशी करण्याची जागा. वाड्याचा चौक जणू लांबट होऊन प्रत्येक मजल्यावर टांगला गेला. दोन चाळींच्या मधे जे अंगण उरले त्यानेही काम केले. आपल्या शेजारच्या केशवजी नाईक चाळीत १८९३ मध्ये सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला. उत्सवाला सभागृह लागले नाही, अंगण पुरले.

चाळींची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी प्लेगचा रोगी ओळखला, आणि अंधाऱ्या, कोंदट, दाटीवाटीच्या वस्तीची किंमत शहराला कळली. १८९८ मध्ये मुंबई सुधार ट्रस्ट स्थापन झाला. त्याने दाट वस्तीतून प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड हे रुंद रस्ते काढले, वारा आणि उजेड आत आणला, आगरीपाडा, नागपाडा, परळ येथे स्वतः चाळी बांधल्या. या कामाचे मोल मोठे आहे. परंतु आरंभीच्या वर्षांत जितक्या खोल्या पडल्या तितक्या बांधल्या गेल्या नाहीत, आणि उठवलेल्या लोकांनी शेजारच्याच वस्तीत दाटी केली. उजेडाचा हिशेब झाला. जे उठले त्यांचा पोटाचा धंदा कोठे चालत होता, दळणकांडण कोण कोणाकडे करीत होते, हा हिशेब कोणीच मांडला नव्हता.

हाच अनुभव पुढे मोठ्या प्रमाणावर आला. १९२० मध्ये सरकारने मुंबई विकास विभाग काढला. पन्नास हजार खोल्या बांधण्याचा बेत होता. प्रत्यक्षात २०७ चाळी झाल्या : वरळीस १२१, नायगावला ४२, डिलाईल रोडला ३२ आणि शिवडीस १२. तळमजला आणि वर तीन मजले, मजल्यावर वीस खोल्या, चाळीत ऐंशी, खोली सुमारे १६० चौरस फुटांची, बांधणी काँक्रीटची. याच त्या बी. डी. डी. चाळी. बांधून झाल्यावर कित्येक वर्षे त्यांतल्या पुष्कळ खोल्या रिकाम्या पडून होत्या, कारण भाडे परवडत नव्हते आणि जागा दूर होती. घर म्हणजे नुसती खोली, असे धरून चालणाऱ्याला हे कोडे वाटेल. ज्या गृहिणीला उधारी देणारा वाणी, ओळखीचा नळ आणि मूल क्षणभर सांभाळणारी शेजारीण सोडून जावयाचे होते, तिला त्यात कोडे काही नव्हते. पुढे माणसे आली, तळमजल्याच्या काही खोल्यांत दुकाने निघाली, कोठे व्यायामशाळा तर कोठे वाचनालय उभे राहिले, आणि काँक्रीटची ती रांग हळूहळू वस्ती झाली. हे काम राहणाऱ्यांनी केले.

मुद्दाम सार्वजनिक कार्यासाठी बांधलेल्या इमारतीचा दाखला हवा असेल तर परळचे दामोदर हॉल आहे. ना. म. जोशी यांनी १९११ मध्ये स्थापिलेल्या सोशल सर्व्हिस लीगचे हे सभागृह १९२२ चे. कामगारांची नाटके तेथे झाली आणि पुढे कामगार रंगभूमीचे ते घरच बनले. डॉ. आंबेडकर जवळच्या सुधार ट्रस्टच्या चाळीत राहत होते, आणि बहिष्कृत हितकारिणी सभेच्या स्थापनेसाठी ९ मार्च १९२४ ला बैठक भरली तीही याच हॉलमध्ये. गिरणीच्या भोंग्यापासून चालत जाता येईल अशा ठिकाणी, चाळीच्या सावलीत ते उभे होते, म्हणून दिवसभर राबलेला माणूस संध्याकाळी तेथे जाऊ शकला. २०२३ च्या अखेरीस नाट्यगृह बंद होऊन पुनर्बांधणीस गेले, तेव्हा नव्या इमारतीत नाट्यगृह कसे आणि केवढे असणार यावरून नाट्यकर्मींनी आवाज उठविला. त्यांची चिंता आपल्या चिंतेहून निराळी नव्हती.

पण भगिनींनो, सभागृहापर्यंत सुद्धा जाण्याची सवड नसलेल्या बायकांचे काय? त्यांचा इतिहास गच्चीत आणि स्वयंपाकघरात शोधावा लागतो. १५ मार्च १९५९ रोजी याच गिरगावात सात गृहिणी इमारतीच्या गच्चीवर जमल्या आणि उसन्या ऐंशी रुपयांवर पापड लाटू लागल्या. पहिल्या दिवशी चार पुडे झाले. तेच आजचे लिज्जत. या कथेतला एक तपशील आम्हा इमारतवाल्यांना फार शिकविणारा आहे. पहिल्या वर्षी पावसाळ्याचे चार महिने काम बंद ठेवावे लागले, कारण गच्चीवर पापड वाळेनात. दुसऱ्या वर्षी त्यांनी एक खाट आणली, पापड खाटेवर पसरले आणि खाली शेगडी ठेवली. काम चालू राहिले. नकाशात गच्चीच्या जागी 'गच्ची' एवढेच लिहिलेले असते. तिथे उद्योग निघू शकतो, त्याला ऊन हवे, पावसात छप्पर हवे, पिठाचे डबे ठेवावयास कोनाडा हवा आणि मुख्य म्हणजे गच्चीची किल्ली बायकांच्या हाती हवी, हे नकाशा काढणाऱ्याला कोण सांगणार?

गिरणगावातल्या खाणावळवाल्यांचीही तीच गोष्ट. गावी कुटुंब ठेवून आलेल्या गिरणी कामगारांना जेवू घालून कितीतरी बायकांनी आपले संसार चालविले. दहा बाय बाराच्या खोलीत सकाळ-संध्याकाळ पंगती उठत, तीच खोली रात्री झोपण्याची. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी या बायकांना अन्नपूर्णा महिला मंडळात संघटित केले, सावकाराच्या पाशातून सोडवून बँकेच्या दारात नेले. सरकारी कागदात ती खोली 'निवासी'. खरे पाहता ती घर, कारखाना, भोजनगृह सर्व काही होती. मिश्र वापर म्हणून आज जो विषय आम्हाला महाविद्यालयात मोठ्या आरेखनांनिशी शिकवितात, तो या बायका वर्षानुवर्षे रोज दोन वेळा प्रत्यक्ष करीत होत्या.

मग नव्या वास्तुशिल्पीने शिकावे कोणापासून? मला या बाबतीत सिंहलद्वीपातील मिनेट डी सिल्व्हा यांचे चरित्र फार मोलाचे वाटते. जन्म १९१८ चा, गाव कँडी. त्यांच्या आई अ‍ॅग्नेस यांनी तेथील स्त्रियांच्या मताधिकारासाठी काम केले. सिलोनमध्ये १९३१ मध्ये स्त्रीपुरुष सर्वांना मताधिकार मिळाला. मिनेट वास्तुकला शिकण्यास आपल्या मुंबईत आल्या. १९४२ मध्ये गांधीजींच्या अटकेनंतरच्या निषेधात भाग घेतल्यामुळे त्यांना जे. जे. सोडावे लागले. 'मार्ग' हे कलाविषयक नियतकालिक १९४६ मध्ये मुंबईत निघाले, त्याच्या उभारणीत त्यांचा सहभाग होता. पुढे लंडनला शिक्षण पुरे करून १९४८ मध्ये ब्रिटिश वास्तुशिल्पींच्या राजमान्य संस्थेच्या असोसिएट झालेल्या त्या पहिल्या आशियाई स्त्री. इतके झाल्यावर त्या परत गेल्या कँडीलाच, आणि आपले काम तेथे मांडले.

१९५८ मध्ये कँडीजवळ वाटापुलुवा येथे सरकारी नोकरांच्या वसाहतीचे काम त्यांच्याकडे आले. निरनिराळ्या धर्माची, निरनिराळ्या मिळकतीची कुटुंबे, आणि जागा डोंगरउताराची. एकच घर काढून ते शेकडो वेळा छापणे सोपे होते. मिनेटबाईंनी त्या कुटुंबांच्या सभा घेतल्या, त्यांना प्रश्नावल्या दिल्या, कोण कसे राहते ते विचारले, आणि त्यावरून घरांचे अनेक प्रकार तयार करून उतार आणि झाडे सांभाळीत ते बसविले. आज यात कोणास विशेष वाटणार नाही. परंतु ज्या काळात मोठमोठे वास्तुशिल्पी 'माणसाने कसे राहावे' हे सांगत होते, त्या काळात एका स्त्रीने 'तुम्ही कसे राहता' असे विचारले, ही गोष्ट मला एखाद्या भव्य घुमटापेक्षा मोठी वाटते.

विचारल्यावर मधली जागा आपोआप नकाशात येते. नव्या मुंबईत बेलापूरला चार्ल्स कोरिया यांनी १९८३ ते १९८६ या काळात जी वसाहत केली, ती आर्टिस्ट व्हिलेज म्हणून ओळखली जाते, तेथे हे पाहावयास मिळते. सात घरांच्या मधे एक चौक, आठ मीटर लांब आणि तितकाच रुंद. असे तीन गट मिळून एकवीस घरे झाली की त्यांच्यामध्ये बारा मीटरचा मोठा चौक. घर ज्याचे त्याचे, ऐपतीप्रमाणे वाढविता येणारे. चौक मात्र आधीपासून ठरलेला, मापासह नकाशात मांडलेला. बरीच घरे पुढे पार बदलली. परंतु चौकाला माप होते, म्हणून त्याच्याविषयी बोलता येते, भांडताही येते. जे मोजले नाही त्यासाठी भांडणार कसे?

येथे मी आपल्या मूळ प्रश्नाकडे येते. बी. डी. डी. चाळींच्या जागी आता उंच मनोरे उभे राहात आहेत. १६० चौरस फुटांच्या खोलीऐवजी ५०० चौरस फुटांचे घर, स्वतःचा संडास, स्वतःची मोरी. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या ५५६ कुटुंबांना किल्ल्या मिळाल्या. ज्या बाईने जन्मभर सामाईक संडासासमोर रांग लावली तिला या किल्लीचे मोल कोणी शिकवू नये, आणि गॅलरीच्या आठवणी काढून तिच्या आनंदावर विरजणही घालू नये. आपल्या इमारतीतल्या वयस्क भगिनींनाही लिफ्ट हवी, न गळणारे छप्पर हवे, आणि ते मिळालेच पाहिजे.

तथापि नियमांची एक गोष्ट सर्वांनी नीट समजून घ्यावी. आपल्यासारख्या जुन्या उपकरप्राप्त इमारतीच्या पुनर्विकासात निवासी भाडेकरूस किमान तीनशे चौरस फूट चटईक्षेत्र मिळते. बिगरनिवासी भाडेकरूस असेल तेवढेच क्षेत्र मिळते. आपल्या मंडळाच्या नावावर दोन खोल्या आहेत. शिवणवर्ग भरतो तो गॅलरीत, भिशी बसते ती जिन्याच्या मोठ्या चौथऱ्यावर, पापड-कुरडया वाळतात त्या गच्चीत, आणि भोंडल्याचा फेर धरला जातो तो खालच्या चौकात. यांपैकी एकही जागा आपल्या दोन खोल्यांच्या चटईक्षेत्रात मोडत नाही. म्हणजे नियमाप्रमाणे सारे यथासांग होऊन, कोणीही आपल्यावर अन्याय न करता, मंडळाची अर्ध्याहून अधिक जागा जाईल. कोणी ती काढून घेतली असेही म्हणता येणार नाही, कारण ती कोठे लिहिलेलीच नाही.

व्यवसायात मी पाहिले आहे की असे नकाशे एका ठराविक क्रमाने तयार होतात. प्रथम मोटारी, मग रस्त्याकडची दुकाने, मग विक्रीची घरे, मग पुनर्वसनाची घरे, आणि शेवटी उरलेल्या कोपऱ्यात 'सोसायटीचे कार्यालय'. सार्वजनिक जागा शेवटी आली की ती उरल्यासुरल्यातच बसते. आपला क्रम आपण आधी सांगितला पाहिजे. माझ्या अल्प अभ्यासावरून मला वाटते ते असे. मंडळाची जागा तळमजल्यावर किंवा फार तर पहिल्या मजल्यावर असावी, आणि तिला रस्त्याकडून किंवा चौकातून स्वतंत्र दार असावे, म्हणजे बाहेरच्या बाईला वॉचमनच्या वहीत नाव लिहून आत यावे लागणार नाही. दारासमोर झाकलेला, बसण्याइतका रुंद ओटा असावा. आत नळ, मोरी, संडास आणि मोठी पातेली ठेवण्याची कोठी असावी. दुकाने रस्त्यावर असोत, पण त्यांच्या मागे चौक असो, आणि त्या चौकात मोटारी लावल्या जाणार नाहीत असे करारात नमूद असो. गच्चीचा काही भाग छपरासह सामाईक वापरासाठी राखला जावा. आणि या सर्वांची मापे फुटांत, नकाशावर आणि करारनाम्यात, दोन्ही ठिकाणी असावीत. तोंडी शब्द कितीही सज्जन माणसाचा असला तरी तो इमारतीबरोबर पडतो.

हे मागावयाचे तर आधी आपण काय काय करतो ते कागदावर उतरले पाहिजे. म्हणून माझी सर्व सभासद भगिनींना आणि शेजाऱ्यांनाही विनंती आहे. वर्धापनदिनाच्या दिवशी मंडळाच्या खोलीत एक कोरी वही ठेवलेली असेल. प्रत्येकीने तीत लिहावे : आपण इमारतीच्या कोणत्या सामाईक जागी, कोणत्या वेळी, कोणत्या कामासाठी बसतो, किती जणी असतो, आणि कोणत्या गोष्टीची तेथे अडचण होते. लिहिता न येणाऱ्या मावशींचे त्यांच्या नातीने लिहून घ्यावे. घरकाम करावयास येणाऱ्या बायका दुपारी आपल्या जिन्यात डबा खातात, त्यांचेही लिहावे, कारण नव्या इमारतीत त्यांना बसण्यास जागा आहे की नाही हेही आपणच पाहावयाचे आहे. वही भरली की प्रत्येक जागेचे माप मी स्वतः घेईन आणि तो सारा तक्ता संमतीपत्रांवर सह्या होण्यापूर्वी कार्यकारिणीसमोर ठेवीन. सह्या पुढील महिन्यात व्हावयाच्या आहेत. वेळ थोडा आहे, तेव्हा लिहावयास येताना चष्मा आठवणीने आणावा.